जाळी आहे, तरी मांजर बाहेर: बाल्कनीतली फट शोधायची कशी

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. बाल्कनीला जाळी लावली, दोन-तीन महिने सगळं सुरळीत चाललं, मग एके दिवशी मांजर शेजारच्या बाल्कनीत, छज्ज्यावर किंवा थेट खाली सापडलं. जे भोक दिसलं ते बांधलं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

भोक बांधूनही मांजर निसटत असेल तर बहुधा भलतंच भोक बांधलं गेलंय. मांजर जाळी मधोमध फाडून क्वचितच जातं. ते जातं कडेने, जाळी जिथे फरशीला, कठड्याला किंवा भिंतीला टेकते तिथून. म्हणून तपासणी चारही कडांपासून सुरू करायची, मधल्या भागाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आणि ती पूर्ण होईपर्यंत बाल्कनीचं दार बंद. "आपण घरात असलो की उघडं ठेवू" हा मधला मार्ग धरू नका, कारण निसटायला पाच सेकंद पुरतात.

आधी वाट शोधा

मांजर कुठून जातंय हे डोळ्यांनी पाहायला मिळत नाही, पण खुणा मिळतात. जाळीच्या कडेने हात फिरवत जा आणि उजेड तिरपा पडेल असा टॉर्च धरा. जिथून मांजर अंग घासून जातं तिथे दोऱ्याच्या गाठीत, हुकाच्या बेचक्यात किंवा गजाच्या जोडावर केस अडकलेले दिसतात. तिथली धूळही पुसलेली असते. खात्री करायची असेल तर संशयित कडेलगत चाळणीने साध्या पिठाचा पातळ थर भुरभुरवा, आत फोन रेकॉर्डिंगला लावा, मांजराला हार्नेस घालून दोरी हातात धरा आणि मगच दार उघडून तिथेच उभे राहा; दार बंद ठेवण्याला हा एवढाच अपवाद. पंजे कुठे थबकले, कुठे वळले ते पिठात उमटतं. टाल्कम किंवा बोरिक पावडर वापरू नका, मांजर पंजे चाटतं.

फट मोजायला टेबल टेनिसचा चेंडू चांगला. त्याचा व्यास ४० मिमी असतो. कडेच्या कोणत्याही जागी हाताने जाळी दाबून तो आरपार ढकलता आला, तर ती फट पिल्लासाठी उघडं दार समजा. मोठ्या मांजराला थोडी जास्त जागा लागते, पण डोकं गेलं की बाकीचं अंग बहुधा मागोमाग जातं. मांजराचं गळ्याचं हाड सांध्याने छातीला जोडलेलं नसतं, ते स्नायूंत अडकलेलं असतं, त्यामुळे खांदे आवळून घेता येतात. "एवढ्या जाड्या बोक्याला इथून जमणार नाही" हा अंदाज पोटाकडे बघून केलेला असतो. बघायचं डोक्याकडे.

मोजताना जाळी नुसती बघू नका, दाबा. दोन हुकांच्या बरोबर मध्ये मूठ ठेवून खाली आणि बाहेरच्या बाजूला जोर द्या. मोकळी असताना १ सेंमी वाटणारी फट दाबल्यावर ६ सेंमी होते, आणि मांजर नाक खुपसून नेमकं हेच करतं.

खालची कड

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. वरच्या कडेला जाळी स्वतःच्या वजनाने ताणलेली राहते, बाजूच्या कडा भिंतीला धरलेल्या असतात. खाली मात्र ती नुसती लोंबत असते, नाहीतर ५०-६० सेंमीवर एखाद्या हुकात अडकवलेली असते. जाळी लावणारे बऱ्याचदा पक्षी डोळ्यांसमोर ठेवून काम करतात. कबुतराला खालून जाळी उचलून आत यायची अक्कल नसते. मांजराला असते.

दुरुस्ती अशी. खालच्या कडेच्या प्रत्येक घरातून (म्हणजे जाळीच्या चौकोनी भोकातून) ३ मिमी जाडीची स्टेनलेस वायर रोप ओवायची. एक घर सोडून एक चालेल असं सांगितलं जातं, ते ऐकू नका. वायरची दोन्ही टोकं भिंतीतल्या बंद तोंडाच्या, कडीसारख्या आय-हुकांना बांधायची, एका टोकाला टर्नबकल ठेवायचा, म्हणजे पुढे सैल पडल्यावर पिळून ताणता येतं. मध्ये दर २५ सेंमीला हुक किंवा रेलिंगला टाय (आवळून बांधायची पट्टी). वायरच्या टोकाचा फास आवळायला किमान २ क्लॅम्प लागतात, आणि त्यांची दिशा महत्त्वाची आहे: क्लॅम्पचा यू-आकाराचा भाग मोकळ्या, आखूड टोकावर बसवायचा आणि खाचांचा ठोकळा ताण असलेल्या लांब तारेवर. उलटा लावला तर यू ताणाच्या तारेला चेपतो आणि फास हळूहळू सरकतो. "वायर लावली होती तरी सैल झाली" या तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासा.

वायरचं टोक कापल्यावर बारीक तारा फुलारतात आणि पंजात घुसतात. टोकाला क्रिंप टोपी (चेपून बसवायची टोपी) चढवा, नाहीतर टेप घट्ट गुंडाळा.

फरशीत भोक पाडायचं टाळाच. बाल्कनीच्या फरशीखाली पाणी अडवणारा थर असतो. त्याला भोक पडलं की मांजर थांबेल आणि खालच्या घरात गळती सुरू होईल. रेलिंग असेल तर खालची वायर त्याच्या खालच्या आडव्या पट्टीला बांधा. पक्का कठडा असेल तर जाळी कठड्याच्या आतल्या उभ्या बाजूने किमान १५ सेंमी खाली उतरवून तिथे हुक मारा. कठड्याच्या माथ्यावर मारलेल्या हुकांजवळ पाणी मुरतं, गिलावा फुगतो आणि हुक उपटून येतो.

पाणी निघून जायचं भोक किंवा नळीचं तोंडही खालच्याच कडेला असतं, आणि त्याकडे कुणी पाहत नाही. ७५ मिमीच्या तोंडातून पिल्लू जातं. तिथे स्टेनलेसची जाळीदार टोपी स्क्रूने बसवा. नुसती ठेवलेली टोपी मांजर खेळता खेळता काढून टाकतं.

हुक निघून येतो

हुक निसटला की दोष मांजराच्या वजनाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा गिलाव्यात असतं. भिंतीचा गिलावा १२ ते २० मिमी जाड असतो. त्यात ३० मिमीचा प्लास्टिक प्लग (हुक ज्यात पिळून बसवतात ती नळी) घातला तर विटेत किंवा काँक्रीटमध्ये जेमतेम १०-१८ मिमी पकड मिळते. मांजर जाळीवर चढून लटकलं की ताण वारंवार एकाच जागी येतो आणि गिलाव्याचा खवला प्लगसकट सुटतो.

८ मिमी व्यासाचा, ५० मिमी लांब प्लग घ्या. भोक ६० मिमी खोल पाडा, तळाला उरलेल्या भुकटीला जागा लागते. फुंकणीने भुकटी बाहेर काढा; पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि मग प्लग पूर्ण आत जात नाही म्हणून हातोडीने ठोकतात. कोपऱ्यापासून किंवा काठापासून ५ सेंमीच्या आत भोक नको, काठ फुटतो. टाइल असेल तर टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. पोकळ ब्लॉकची भिंत असेल (ड्रिल अचानक आत 'पडतं' त्यावरून कळतं) तर साधा प्लग धरणारच नाही, पोकळीत पसरणारा प्लग किंवा रासायनिक अँकर हवा.

जुन्या भोकात तोच प्लग कागद कोंबून पुन्हा बसवणं म्हणजे पुढच्या वेळची तयारी. ५-६ सेंमी बाजूला नवीन भोक पाडा.

उघड्या हुकाचं तोंड जाळीच्या ओढीच्या उलट बाजूला असावं. वरच्या कडेला जाळी खाली ओढते, म्हणून तोंड वर. खालच्या कडेला तोंड खाली. बाजूंना तोंड जाळीपासून लांब, भिंतीकडे. घाईत सगळे हुक एकाच दिशेला पिळलेले असतात, मग खालच्या कडेची वायर मांजराने दोनदा उचकली की आपोआप बाहेर. समुद्राजवळ राहत असाल तर हुक आणि वायर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची घ्या. एरवी ३०४ पुरते. मुलामा दिलेले साधे लोखंडी हुक पहिल्याच पावसाळ्यानंतर तपकिरी ओघळ सोडायला लागतात, आणि गंजलेला हुक दोरा कापतो.

घर भाड्याचं असेल आणि भोकं पाडता येत नसतील, तर फरशी आणि छत यांच्यात दाबून बसणारे सरकते खांब मिळतात. ते ठीक आहेत, पण दोन खांबांमध्ये दीड मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका आणि महिन्यातून एकदा पिळून घट्ट करा. उन्हाने धातू आणि रबरी टोप्या दोन्हींमध्ये फरक पडतो, आणि खांब सैल झाल्याचं बाहेरून अजिबात दिसत नाही.

जाळीच चुकीची

'२५ मिमीची जाळी' मागून ५० मिमीची मिळते, किंवा उलट, कारण माप दोन पद्धतीने सांगतात. एक म्हणजे एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतची बाजू. दुसरी म्हणजे घर पूर्ण ताणून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर, जे बाजूच्या दुप्पट भरतं. विचारताना नेहमी "गाठ ते गाठ, एक बाजू किती?" असंच विचारा. मांजरासाठी ही बाजू ३० मिमी किंवा कमी हवी. कबुतरांसाठीची जाळी साधारण ५० मिमीची असते. तिच्यातून मोठं मांजर जाणार नाही, पण पिल्लू डोकं घालेल. काही वेळा डोकं जातं आणि मागे येत नाही, तो प्रकार जास्त वाईट.

नायलॉन मजबूत खरं, पण ते पाणी शोषून घेतं आणि ओलं झालं की लांबतं. कोरड्या दिवसांत तंग लावलेल्या जाळीला पावसात झोळ पडतो, त्याचं कारण हेच. एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) जाळी पाणी पीत नाही, म्हणून उघड्या बाल्कनीला ती बरी. दोन्हींत 'यूव्ही स्थिर' केलेली, म्हणजे उन्हात लवकर न झिजणारीच घ्या. जाळी लावताना घरं चौकोनी, म्हणजे दोरे उभे-आडवे राहतील अशी लावा. पतंगाच्या आकारात लावलेली जाळी दाबली की प्रत्येक घर लांबट होतं आणि सगळी जाळी रबरासारखी खेचली जाते.

जाळी जुनी झाली की नाही हे रंगावरून ठरवू नका. सगळ्यात जास्त ऊन लागणाऱ्या वरच्या कोपऱ्यातला एक दोरा दोन बोटांत चोळा. पांढुरकी भुकटी लागली किंवा दोरा वाकवल्यावर तंतू तुटून उभे राहिले, तर जाळी संपली. ती शिवत बसू नका, बदला. हीच कथा टायची. पांढरे प्लास्टिक टाय उन्हात ठिसूळ होऊन एक-दीड वर्षात टकाटक तुटतात. काळे, यूव्ही स्थिर टाय घ्या, नाहीतर स्टेनलेसची बारीक तार. जाळी चांगली आणि टाय गेलेले, अशी अवस्था फार सापडते, आणि टायमागे फट दाबल्याशिवाय दिसत नाही.

जाळी चावणारं मांजर

कापलेलं आणि चावलेलं भोक वेगळं दिसतं. चावलेल्या दोऱ्याची टोकं ओलसर, पिंजलेली असतात आणि भोक फरशीपासून १५ ते ३० सेंमी उंचीवर, मांजर बसल्यावर तोंड येतं तिथे असतं. इथे पुन्हा नायलॉन बांधून उपयोग नाही. तारेचा गाभा असलेली जाळी लावा, किंवा खालच्या ६० सेंमी पट्ट्यापुरती २५×२५ मिमी घरांची, १.६ मिमी तारेची वेल्डेड स्टेनलेस जाळी चौकटीत बसवा. षटकोनी घरांची कोंबड्यांची जाळी स्वस्त पडते, पण तिच्या पिळांत नखं अडकतात.

चावणाऱ्या मांजराच्या पोटात दोरा गेला असण्याची शक्यता लक्षात ठेवा. उलट्या, खाणं बंद, किंवा तोंडातून वा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक बाहेर दिसणं, यातलं काहीही दिसलं तर दोरा ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असलं तर ओढल्याने आतडं कापलं जातं. सरळ पशुवैद्य.

'इनव्हिजिबल ग्रिल' लावलंय, तरीही

उभ्या स्टीलच्या तारांचं हे ग्रिल लहान मुलं आणि चोरी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं असतं. तारांमधलं अंतर ५ ते १० सेंमी असतं आणि तारा फक्त वर-खाली बांधलेल्या असल्याने मध्यभागी बाजूला सरकतात. उंची जितकी जास्त तितकी तार जास्त वाकते. मांजर नाकाने दोन तारा बाजूला करतं आणि निघतं. टर्नबकलने ताण वाढवणं हा उपाय इथे पुरा पडत नाही. आतल्या बाजूने वेगळी ३० मिमीची जाळी लावा आणि तिचे हुक स्वतंत्र ठेवा. तारांना टायने बांधलेली जाळी तारांबरोबरच सरकते. लोखंडी बॉक्स ग्रिलचंही तसंच: गजांमध्ये १० सेंमी अंतर म्हणजे मांजरासाठी रस्ता.

वरून जाणारी मांजरं

अर्धी जाळी, म्हणजे कठड्यावर एक-दीड मीटर आणि वर मोकळं, हा प्रकार वरच्या मजल्यांवर करूच नका. निरोगी मांजर उभ्याने दीड मीटर सहज उडी मारतं, आणि ताणलेली जाळी ही त्याच्यासाठी शिडीच. वर स्लॅब असेल तर जाळी स्लॅबपर्यंत न्या. छत नसलेल्या बाल्कनीला चौकट करून डोक्यावरही जाळी हवी.

तोपर्यंत कठड्यालगतची खुर्ची, कुंड्यांचा स्टँड, वॉशिंग मशीन एक मीटर आत सरकवा. एसीचं आउटडोअर युनिट हलवता येत नाही, म्हणून जाळी त्याच्या आतून न्या, बाहेरून नाही. बाहेरून नेलेल्या जाळीत युनिटच्या पाइपांभोवती हमखास हातभर खिंडार राहतं, आणि एसी दुरुस्तीला आलेला माणूस ते आणखी मोठं करून जातो.

बाल्कनीची जाळी शाबूत आणि मांजर तरी बाहेर असेल, तर वाट खिडकीची आहे. सरकती मच्छरजाळी मांजर पंजाने बाजूला सारतं, त्यामुळे पट्टीत स्टॉपर किंवा खिट्टी हवीच. फायबरग्लासची मच्छरजाळी नखांनी फाटते, शिवाय तिला चौकटीत धरून ठेवणारी रबरी दोरी खाचेतून सुटते. त्याऐवजी व्हिनाइल चढवलेली पॉलिस्टरची जाड जाळी लावा. वरून आत झुकून उघडणाऱ्या खिडक्या अर्धवट उघड्या ठेवू नका. मांजर त्या निमुळत्या फटीत घसरून अडकतं, आणि सुटायची धडपड केली की आणखी खाली रुततं.

मांजराच्या बाजूने

काही मांजरं दर काही आठवड्यांनी नव्याने जाळी उचकायला लागतात, मधल्या काळात शांत असतात. भाटी असेल तर माजावर येण्याचे दिवस ताडून बघा. नसबंदी न केलेल्या बोक्यालाही बाहेरच्या भाटीचा वास लागला की तेच होतं. नसबंदी चार-पाच महिन्यांच्या वयात करता येते, आणि ती केल्यावर ही धडपड बरीच ओसरते.

हार्नेस घालून दोरी रेलिंगला बांधून ठेवणं, हा उपाय जाळीपेक्षा धोकादायक आहे. मांजर कठड्यावरून उडी मारतं आणि लटकतं. दोरी हातात असेल तरच.

आणि मांजर चार पायांवर पडतं, त्यामुळे काही होत नाही, ही समजूत. अंग वळवण्याची क्रिया खरी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली ती छायाचित्रांच्या मालिकेत टिपली. पण पाय खाली आले म्हणून धक्का नाहीसा होत नाही. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात आणलेल्या १३२ पडलेल्या मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्यांच्यावर उपचार झाले त्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, आणि तो आकडा तेव्हापासून दिलासा म्हणून फिरतोय. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेली मांजरं त्यात मोजलेलीच नाहीत, आणि वाचलेल्यांना छातीला मार, जबडा वा टाळू फुटणं, पाय मोडणं हे भोगावं लागलंच. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या, पडलेल्या ११९ मांजरांच्या २००४ सालच्या अभ्यासात सुमारे ६० टक्के मांजरं एक वर्षाच्या आतली होती. घरात पिल्लू असेल तर जाळीचं काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

पडलंच तर

चालत आलं, दिसायला ठीक आहे, तरी त्याच दिवशी तपासणी आणि छातीचा एक्स-रे. फुप्फुसाभोवती हवा साठणं किंवा मूत्राशय फुटणं हे काही तासांनी उघडं पडतं. तोंड उघडं ठेवून श्वास, फिकट किंवा निळसर हिरड्या, मागचे पाय ओढणं, लघवी न होणं, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. उचलताना पोटाखाली हात घालून लोंबकळवू नका. ताठ पुठ्ठा किंवा फळी खाली सरकवून पेटीत ठेवा. पॅरासिटामॉल किंवा घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला मारक ठरतं.

खाली मांजर दिसत नसेल तर लांब शोधत सुटू नका. जखमी, घाबरलेलं मांजर बहुधा पडल्या जागेजवळच आवाज न करता दडून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. भिंतीच्या कडेने, गाड्यांखाली, जिन्याच्या तळाशी, झुडपांत बघा. खालच्या प्रत्येक मजल्याचा छज्जा आणि बाल्कनीही तपासा, मांजर मध्येच अडकलेलं असू शकतं. अंधार पडल्यावर टॉर्च आपल्या डोळ्यांच्या उंचीला धरून त्याचा झोत जमिनीलगत फिरवा, म्हणजे मांजराचे डोळे चमकतात.